एम.एस्सी. गणिताचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प: काप्रेकरांची वजाबाकी, दहा सोडून इतर पायांत

ऋणचिन्ह | ११ ऑगस्ट

नमस्कार. मी नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात एम.एस्सी. गणिताच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या वर्षी संशोधन प्रकल्प करायचा आहे, तिसऱ्या सत्रात ४ क्रेडिटचा आणि चौथ्यात ६. विभागात शिक्षक तीन आणि आम्ही सव्वीस जण. विषयांची यादी लागली आहे: ग्राफ थिअरीचे उपयोग, लाप्लास रूपांतरणाचे उपयोग, फझी संच. कपाटातले जुने प्रकल्प काढून पाहिले. तिघांची पहिली वीस पानं शब्दशः एकच होती. झेरॉक्सच्या दुकानात तर विषय सांगितला की बाइंडिंगसकट प्रकल्प हातात मिळतो.

मला तसं करायचं नाही. दोन वर्षं दुसऱ्यांची प्रमेयं पाठ केली, एकदा तरी स्वतः काहीतरी सिद्ध करून बघायचं आहे, कितीही लहान असो.

विषय डोक्यात आहे. गणिती काप्रेकर ज्या देवळालीत शाळेत शिकवायचे, ती आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. सहावीत बाईंनी फळ्यावर त्यांचं ६१७४ करून दाखवलं होतं. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या, चढत्या क्रमाने लावून लहान संख्या, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतं आणि मग तिथंच राहतं. तीन अंकी संख्यांना ४९५ येतं. आपण ० ते ९ असे दहा अंक वापरून संख्या लिहितो, म्हणजे आपला पाया दहा. माझा प्रश्न असा की दहाच्या पायाऐवजी दुसरा पाया घेतला (सहाच्या पायात ० ते ५ एवढेच अंक) तर काय होतं?

सर म्हणाले, "कर, पण माझा विषय द्रवगतिकी, मला यात फार मदत करता येणार नाही." म्हणून इथे विचारते. हा विषय एम.एस्सी.ला पुरेल का? की शाळकरी वाटेल?

---

खडू_डस्टर | ११ ऑगस्ट

मी चौतीस वर्षं कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालो. विषय शाळकरी नाही. शाळेतल्या मुलाला कळेल असा प्रश्न आणि एम.एस्सी.च्या मुलीला झगडावं लागेल असं उत्तर, ही तर चांगल्या विषयाची खूण.

काप्रेकरांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. शिक्षण ठाण्याला आणि मग फर्ग्युसनला. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं ते गणितातल्या स्वतंत्र कामासाठी, आणि तेव्हा ते विद्यार्थीच होते. बी.एस्सी. झाले १९२९ ला. पुढे १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिकवलं, पदव्युत्तर शिक्षण घेतलंच नाही. ६१७४ त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. बाहेरच्या जगात तो पोचला १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या सदरात लिहिल्यावर. मधल्या पंचवीसेक वर्षांतली पहिली तेरा वर्षं हा माणूस देवळालीत खडू हातात घेऊन उभा होता. तेव्हा "पुरेल का" हा प्रश्न सोडा.

एक सूचना. चार अंकांपासून सुरुवात करू नका, तीन अंक घ्या. आणि संगणक पहिले पंधरा दिवस बंद.

---

आगगाडी | १२ ऑगस्ट

वाचतोय. मी डोंबिवलीचा, म्हणून एक भर घालतो. काप्रेकरांच्या १, १२१, १२३२१ या डेम्लो संख्यांना नाव मिळालं ते आमच्या स्टेशनावरून. जी.आय.पी. रेल्वेच्या काळात या स्टेशनाला डेम्लो म्हणत. या संख्यांची कल्पना त्यांना तिथेच सुचली.

---

कोड_नाशिक | १२ ऑगस्ट

सरांचा मान राखून थोडं वेगळं सांगतो. पायथनमध्ये हा प्रोग्रॅम वीस ओळींचा आहे. पाया २ पासून १०० पर्यंत सगळं पाच मिनिटांत दिसेल. आधी दिसू तर दे ताई, सिद्धता नंतर.

---

खडू_डस्टर | १२ ऑगस्ट

दिसेल, हे खरं. पण आधी दिसलं की *का* हे विचारायची भूक मरते, असं मी खूप मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे. पंधरा दिवसच म्हणतोय.

---

ऋणचिन्ह | २ सप्टेंबर

सरांचं ऐकलं. पंधरा दिवस वही आणि पेन्सिल. काय मिळालं ते लिहिते, कुठे घसरले असेन तर दाखवा.

तीन अंकी संख्येतला सगळ्यात मोठा अंक आणि सगळ्यात लहान अंक यांच्यातल्या फरकाला *फ* म्हणू, पायाला *प*. वजाबाकी मांडली की एककाच्या घरात लहानातून मोठा जातो, म्हणून हातचा घ्यावा लागतो, तिथे येतं प − फ. दशकाच्या घरात वर आणि खाली एकच अंक, पण हातचा गेलेला. म्हणून तिथे पुन्हा हातचा घेऊन प − १. शतकाच्या घरात उरतं फ − १. झालं. मधला अंक कुठलाही असला तरी उत्तरावर त्याचा काहीच परिणाम होत नाही!

दहाच्या पायात म्हणूनच उत्तराच्या मध्ये नेहमी ९ येतो: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५. हे मी शाळेपासून पाहत आले आणि कधी विचारलं नाही.

आता नव्या संख्येतला मोठ्यात मोठा अंक प − १. लहान अंक म्हणजे फ − १ आणि प − फ यांतला लहान. म्हणजे नवा फरक = प − फ आणि फ − १ यांतला जो मोठा असेल तो. हजार संख्यांचा प्रश्न नऊ फरकांचा झाला. दहाच्या पायात फ = १ असेल तर पुढे ९, ८, ७, ६, ५, आणि ५ वर गाडी थांबते. ५ म्हणजेच ४९५.

हे रात्री साडेअकराला सुटलं. आईला उठवून सांगितलं. तिला हातचा कळला, पुढचं ऐकून घेतलं.

---

शेवंती | ३ सप्टेंबर

अगं किती सुंदर! मी पुण्यात संख्याशास्त्रात पीएच.डी. करतेय, गणितात नाही, तरी एका वाचनात कळलं. आता पाया सम आणि पाया विषम असे दोन भाग वेगळे करून बघ.

आणि एक कामाची सवय लावून घे. वहीच्या प्रत्येक पानावर तारीख टाक, चुकलेली पानं फाडू नकोस. तोंडी परीक्षेला विचारतात, "हे सुचलं कसं?" तेव्हा ती पानं उपयोगी पडतात.

---

ऋणचिन्ह | १९ ऑक्टोबर

दिवाळीच्या आत तीन अंकी प्रकरण पूर्ण झालं.

पाया सम असेल तर फरक प/२ वर येऊन थांबतो आणि एकच स्थिर संख्या मिळते. तिचे अंक (प/२ − १), (प − १), (प/२). दहाला ४, ९, ५.

पाया विषम असेल तर थांबत नाही. फरक (प − १)/२ वर आला की पुढे (प + १)/२ होतो आणि तिथून परत (प − १)/२. दोन संख्या एकमेकींकडे चेंडू टोलवत राहतात, कायमच्या. आपल्याकडे दहा बोटं आहेत म्हणून ४९५ आहे. नऊ असती तर तीन अंकांना स्थिर संख्याच मिळाली नसती.

आणि सम पायात जास्तीत जास्त प/२ + १ वजाबाक्या लागतात. दहाला सहा.

---

खडू_डस्टर | १९ ऑक्टोबर

शाब्बास. शेवटचं विधान पुन्हा तपासा. सगळ्यात लहान सम पाया कोणता?

---

ऋणचिन्ह | २० ऑक्टोबर

दोन.

सर, पाहिलं. दोनच्या पायात फरक एकच असू शकतो, १, आणि तोच प/२. म्हणजे पहिल्याच वजाबाकीत ०११ येऊन काम संपतं. सूत्र दोन सांगतं, खरं उत्तर एक. सिद्धतेत मी "फ = १ पासून प − १ कडे आणि तिथून खाली" असं लिहिलं होतं. दोनच्या पायात १ आणि प − १ एकच असतात, ते लक्षातच आलं नाही. विधान "प हा ४ किंवा त्याहून मोठा सम पाया" असं दुरुस्त केलं आहे. सूत्र मी ४ ते २० पर्यंत तपासलं होतं, २ सोडून.

---

कोड_नाशिक | २० ऑक्टोबर

म्हणून मी म्हणतो, प्रोग्रॅमने २ पासून चालवलं असतं तर पहिल्याच ओळीत सापडलं असतं. पंधरा दिवस तर कधीच संपले आता.

---

खडू_डस्टर | २१ ऑक्टोबर

मान्य. आता संगणक हवाच.

---

ऋणचिन्ह | १४ डिसेंबर

मधल्या काळात सत्राची परीक्षा झाली, म्हणून उशीर. चार अंकांचं काम चालू आहे आणि मोठा धक्का बसला आहे. सविस्तर लिहिते.

चार अंकांना दोन फरक लागतात. बाहेरचा फरक म्हणजे सगळ्यात मोठा वजा सगळ्यात लहान, आतला फरक म्हणजे मधल्या दोघांतला. दहाच्या पायात उत्तर नेहमी ९९९ × बाहेरचा + ९० × आतला. आतला बाहेरच्याहून मोठा होऊ शकत नाही, म्हणून एकूण जोड्या फक्त ५४. ६१७४ ची जोडी (६, २): ५९९४ + १८० = ६१७४.

६ आणि २ म्हणजे दहाचे तीन पंचमांश आणि एक पंचमांश. मग वाटलं, पायाला ५ ने भाग जात असेल तर हेच का चालू नये? केलं. बाहेरचा ३प/५, आतला प/५ घेतला की अंक येतात ३प/५, प/५ − १, ४प/५ − १, २प/५. क्रमाने लावून पुन्हा वजा केलं की तीच संख्या परत येते. दोन ओळींची सिद्धता. पाचच्या पायात ३०३२. त्या पायातल्या १४ जोड्या हाताने केल्या, सगळ्या ३०३२ वरच आल्या. दहाच्या ५४ ही जोड्या ६१७४ वर.

मग मी ठरवूनच टाकलं की ५ ने भाग जाणाऱ्या प्रत्येक पायात सगळ्या संख्या त्या एकाच स्थिर संख्येवर येतात. प्रकरणाला शीर्षकही दिलं. काल रात्री प्रोग्रॅमला १५ चा पाया दिला. स्थिर संख्या आहे, ९, २, ११, ६, हिशोबाप्रमाणेच. पण काही संख्या तिच्याकडे जातच नाहीत. वेगळंच चक्र निघालं, फरकांच्या जोड्यांचं:

(१३, १) → (१३, ११) → (११, ७) → (७, १) → पुन्हा (१३, १)

आधी वाटलं प्रोग्रॅम चुकला. वहीत केलं. (७, १) वरून अंक येतात ७, ०, १३, ८. उतरत्या क्रमाने १३, ८, ७, ०. बाहेरचा फरक १३, आतला १. प्रोग्रॅम बरोबर होता.

दोन महिन्यांचं प्रकरण एका पायाने मोडलं. काय करू? पाच आणि दहा इतकंच ठेवून १५ चा उल्लेख न करणं मला पटत नाही.

---

शेवंती | १४ डिसेंबर

उल्लेख न करण्याचा विचारही करू नकोस. ते १५ चं चक्र तुझ्या प्रकल्पातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. "स्थिर संख्या असते" हे एक विधान, "सगळ्या तिच्याकडे जातात" हे दुसरं विधान. पहिलं तू सिद्ध केलंस. दुसरं खोटं आहे हे प्रतिउदाहरणाने दाखवलंस. प्रकरण मोडलं कुठे? शीर्षक तेवढं बदल.

---

खडू_डस्टर | १५ डिसेंबर

शेवंतीताईंशी शंभर टक्के सहमत. आणि कसं घडलं ते घडल्या क्रमाने लिहा: अंदाज, पुरावा, मोडणं. छापलेल्या पुस्तकांत हा क्रम पुसून टाकलेला असतो, म्हणून मुलांना वाटतं की गणित करणारे पहिल्यापासून बरोबर असतात.

---

ऋणचिन्ह | १७ जानेवारी

आज काप्रेकरांची जयंती, आणि आजच हे लिहावं लागतंय.

संदर्भ शोधायला बसले होते. तीन अंकी संख्या, कुठलाही पाया, सम-विषम असा भेद, हे सगळं १९८८ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथलीत एल्ड्रिज आणि सगाँग यांनी छापलेलं आहे. चार अंकांचं त्याच्याही आधी, १९७८ मध्ये, हॅसे आणि प्रिचेट यांनी. हॅसे म्हणजे तेच जर्मन गणिती, ज्यांचं तत्त्व आम्ही संख्या सिद्धांताच्या (नंबर थिअरीच्या) पेपरात शिकलो.

माझ्या जन्माआधीच हे सगळं झालेलं होतं. मी ऑगस्टपासून काय केलं मग? सरांना सांगितलं, ते म्हणाले "विषय बदलायला आता वेळ नाही, आहे ते दे." दोन दिवस वहीला हात लावलेला नाही.

---

पायरीवरचा | १७ जानेवारी

मी फक्त वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो. मी सोळा वर्षांपूर्वी असाच प्रकल्प करत होतो. काम आधीच झालेलं आहे असं कळल्यावर सोडून दिलं आणि तयार प्रकल्प बांधून दिला. गुण चांगले मिळाले. त्या प्रकल्पातलं आज मला एक वाक्यही आठवत नाही, पण अर्धवट सोडलेला प्रश्न अजून आठवतो. ताई, सोडू नका.

---

खडू_डस्टर | १८ जानेवारी

बाळ, नीट ऐक.

हॅसेंसारख्या माणसाने आयुष्याच्या अखेरीस ज्या प्रश्नावर वेळ दिला, तो तू ऑगस्टमध्ये कुणी न सांगता विचारलास. तुझी तीन अंकी सिद्धता तुझीच आहे, वहीत तारखा आहेत. प्रस्तावनेत सरळ लिही: हे निष्कर्ष अमुक साली अमुक यांनी प्रसिद्ध केले आहेत, पुढील सिद्धता त्यांचं काम वाचण्याआधी स्वतंत्रपणे काढली आहे. प्रामाणिक परीक्षक या दोन वाक्यांना मान देईल.

मग ते लेख मिळव आणि वाच. आता तुला ते जसे वाचता येतील तसे ऑगस्टमध्ये आले नसते. वाचून झाल्यावर स्वतःला विचार, यांनी काय विचारलं नाही?

शेवटची गोष्ट. कमाल वजाबाक्या किती ते तू काढलंस. सरासरी किती?

---

ऋणचिन्ह | ११ फेब्रुवारी

सर, सरासरी काढली!

फरक फ असलेल्या तीन अंकी संख्या किती (पुढचा शून्य धरून)? ६ × फ × (प − फ). दहाच्या पायात सगळ्यांची बेरीज ९९०, म्हणजे हजारातून सारख्या अंकांच्या दहा वगळून उरतात तेवढ्याच. निदान एक वजाबाकी करायचीच असं धरून ९९० संख्यांना मिळून ३२१० वजाबाक्या लागतात. सरासरी ३.२४.

मग सरासरीला पायाने भागून पाहिलं. दहाला ०.३२४, शंभरला ०.२०२, हजारला ०.१८९. खाली येतंय पण शून्याकडे जात नाही. बेरजेचं संकलन करून सीमा (लिमिट) काढली तर नेमका ३/१६, म्हणजे ०.१८७५!

३/१६ कागदावर आला तेव्हा मी एस.टी.त होते, उभी, वही खांबाला टेकवून. घरी येऊन तीनदा तपासलं. मी पाहिलेल्या लेखांत हे नाही. कुणी केलं असेल तर कळवा, त्यांचं नाव आदराने घालीन.

---

कोड_नाशिक | ११ फेब्रुवारी

मी आत्ता सम पाया १०,००० पर्यंत चालवलं. ०.१८७६५. बरोबर आहेस ताई. हे मला प्रोग्रॅममधून कधीच सुचलं नसतं.

---

शेवंती | १२ फेब्रुवारी

आता लिखाण. रोज दोन पानं, लेटेकमध्ये (गणिताचा मजकूर टाइप करायची प्रणाली). साम्य तपासणीत व्याख्या आणि प्रमेयांची नावं लाल दिसतील, घाबरू नकोस, १० टक्क्यांच्या आत ठेव. आणि मराठीत एक पानाचा सारांश जोड. नियमात नसला तरी जोड.

---

ऋणचिन्ह | २४ एप्रिल

काल तोंडी परीक्षा झाली.

प्रकल्प ४१ पानांचा झाला. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी पहिलंच विचारलं, "०९९ ला तीन अंकी का धरलंस?" मी सांगितलं, शून्य टाकून दिला तर ९९ − ९९ होऊन सगळं संपतं, म्हणून तीन घरं कायम राखायची असा नियम पहिल्या पानावर आहे. मग त्यांनी दोनच्या पायाचं विचारलं! वही सोबत होती, २० ऑक्टोबरचं पान उघडून दिलं. त्यांनी ते पान पूर्ण वाचलं, मग पुढची पानं चाळली, १५ च्या चक्रापाशी थांबल्या आणि पेन्सिल मागून घेऊन स्वतः वजाबाकी केली. वीस मिनिटांची वेळ होती, पन्नास मिनिटं बसलो.

बाहेर पडल्यावर आमचे सर म्हणाले, "पुढच्या वर्षी यादीत एक ओळ मोकळी ठेवतो, विद्यार्थ्याचा स्वतःचा विषय."

खडू_डस्टर सर, ऋणनिर्देशात तुमचं नाव घालता आलं नाही कारण मला ते माहीत नाही. "इंटरनेटवरचे एक निवृत्त शिक्षक" असं लिहिलं आहे.

---

खडू_डस्टर | २४ एप्रिल

तेवढं पुरे आहे मला. सकाळपासून तीनदा वाचलं.

---

आगगाडी | २६ एप्रिल

अभिनंदन! धागा पहिल्यापासून वाचून काढला आणि मुलीला दाखवला, आठवीत आहे. तिने सहाच्या पायात केलं, २५३ आलं. मग सातच्या पायात करत बसली, दोन तास झाले, २६४ आणि ३६३ असंच आलटून पालटून येतंय. रडवेली झाली आहे, म्हणते माझी वजाबाकी कुठेतरी चुकतेय. कुठे चुकलं असेल?

---

ऋणचिन्ह | २६ एप्रिल

काका, तिला आत्ताच्या आत्ता सांगा, कुठेही चुकलेलं नाही. सात विषम आहे, २६४ आणि ३६३ हेच बरोबर उत्तर आहे. *का* ते सांगू नका. नऊचा पाया द्या, आणि काय येतंय ते तिलाच इथे लिहू द्या.